हे झोपणं नव्हे

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याला महिना होत आला, तरी मला एका जागी बसवत नाही. हॉस्पिटलात माझ्याशी शेवटचं बोलल्या ते एवढंच, "वेदू नीट जेवतोय ना गं?" स्वतःला धड बोलवत नव्हतं, आणि चौकशी नातवाची... अशी बाई.

आमचं पटायचं नाही, हे भाईंदर पूर्वेच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत. त्या रत्नागिरीच्या, शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत. गेल्या थंडीत दीड वर्षाच्या वेदूला खोकला-ताप आला, तशा त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि शेगडीत ओवा नि लसणीची सालं टाकून धुरी दिली. पोर निपचित पडलं. मी दूध घेऊन गेले तर म्हणाल्या, "झोपलंय, झोपू दे. तुला कसली घाई?" मी धुसफुसत स्वयंपाकघरात परतले.

मग छातीला तेल चोळायला त्यांनीच त्याचा स्वेटर वर केला आणि मला हाक मारली. मी धावत आले. वेदू भराभर श्वास घेत होता, दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बाटली तोंडाला लावली तर ओढेना. आईंनी शेगडी उचलून बाल्कनीत ठेवली. "चल, रिक्षा बघ. हे झोपणं नव्हे."

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. लगेच ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "घरात धूर केला होता?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात आईच बोलल्या, "मी केला. ही नको म्हणत होती." खरं तर धुरीला मी अवाक्षरानंही विरोध केला नव्हता...

वेदू वाचला आणि आई सुटल्याच. बिल्डिंगमधलं कुठलंही पोर खोकलं की, "कपडा ऊपर करो, साँस देखने दो." हिंदी रत्नागिरीची, हुकूम कलेक्टरचा. लोक वैतागायचे. मीही.

परवा वरच्या मजल्यावरची हीना तापलेल्या मुलीला घेऊन दारात आली. "आंटी होतीं तो देख लेतीं," म्हणाली आणि तिनंच फ्रॉक वर केला. खड्डा पडत होता. हातातलं टाकून आम्ही दवाखाना गाठला. मुलगी सावरतेय आता. घरी आले, चपला काढता काढता मोठ्यानं म्हटलं, "आई, वेळेवर नेलं हो तिला." आणि उत्तराची वाट बघत दारातच उभी राहिले.