वजा करून बघणाऱ्या विहीणबाई

गरज या गोष्टीची आमच्या विहीणबाईंइतकी कसून उलटतपासणी घेणारी बाई अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर कृपा करून कुणी त्या दोघींची गाठ घालून देऊ नये. माझ्या मुलीच्या या सासूबाई. नागपूरच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि नात झाली तेव्हा तिला सांभाळायला रेडमंडला आल्या. मी इथे बरीच वर्षं आहे, एका दंतवैद्याकडे पेशंटच्या अपॉइंटमेंटा बघते, आणि दुखतंय किंवा दुखत नाही एवढ्यावर माणसाचं व्यवस्थित भागतं असं माझं मत होतं. विहीणबाई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा मी रीतीप्रमाणे म्हटलं, "अहो, मिठाई कशाला आणलीत? काय गरज होती?" यावर कुणीही हसून डबा पुढे करतं. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि विचारलं, "नसती आणली तर चाललं असतं का? खरं सांगा." मी खरं सांगितलं की चाललं असतं. त्यांनी मान डोलावली, डबा पिशवीत घातला आणि परत नेला. आत संत्रा बर्फी होती, हे मला नंतर मुलीकडून कळलं.

त्यांची पद्धत एकच. एखादी गोष्ट लागते की नाही हे बोलून ठरवायचं नाही, ती वजा करून बघायची. मुलाच्या घरातला मायक्रोवेव्ह त्यांनी एकदा गराजमध्ये नेऊन ठेवला आणि कोण कधी ओरडतंय याची शांतपणे वाट पाहिली. जावईबापूंनी चार दिवस गार पोहे खाल्ले, पण ओरडले नाहीत, कारण आपल्या आईने काही वजा केलं असणार हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. मायक्रोवेव्ह निकालात नापास झाला. माझ्या मुलीने तो दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत आणला आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, हा माझ्यासाठी नेसेसरी आहे. तुमच्यासाठी नसेल." "मग तसं ओरडायचं ना गं," विहीणबाई म्हणाल्या.

या स्वभावाला खरं कुरण मिळालं ते पार्कमध्ये. नातीची बाबागाडी ढकलत त्या तिथे जात आणि तिथे तशाच बाबागाड्या ढकलणाऱ्या चिनी आज्या असत. त्याही मुलाबाळांसाठी आलेल्या, दिवसभर घरात, आणि इंग्रजीला घाबरलेल्या. बाकावर सुरू झालेला वर्ग पुढे कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत गेला, दर गुरुवारी सकाळी. या बायकांची अडचण अशी की त्यांच्या भाषेत लागणं, हवंच असणं, होणारच असणं अशा बहुतेक शब्दांची सुरुवात एकाच अक्षराने होते, त्यामुळे ही सगळी त्यांना एकाच घरातली भावंडं वाटतात. इंग्रजीत मग त्या हाताला लागेल तो शब्द उचलत. सूपमध्ये मीठ इनएव्हिटेबल असे आणि नवऱ्याचं घोरणं नेसेसरी. एकीने सुनेच्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर तिचा हात धरून सांगितलं, "तू या घरात अनअव्हॉइडेबल आहेस." तिला म्हणायचं होतं की तुझ्यावाचून आमचं पान हलत नाही. सून निघाली ती थेट बाथरूममध्ये. विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शब्द चुकला बापा. वाक्य मात्र सासूला शोभेलसं आहे."

त्यांनी फळ्यावर सोपं करून लिहिलं. नसलं तर अडेल, ते नेसेसरी. नसलं तर जमणारच नाही, ते इनडिस्पेन्सेबल. आपण काहीही केलं तरी होणारच, ते इनएव्हिटेबल. टाळायला गेलो आणि टाळता आलं नाही, ते अनअव्हॉइडेबल. या शेवटच्याचं उदाहरण म्हणून त्यांनी मला दाखवलं, कारण त्या दिवशी मी त्यांना सोडायला गेले होते. मग प्रात्यक्षिक. एका आठवड्यात बिनसाखरेचा चहा, पुढच्या आठवड्यात बिनदुधाचा, त्याच्या पुढच्या आठवड्यात बिनपत्तीचा. तो पिऊन चिनी आज्यांनी आनंदाने सांगितलं की आमच्याकडे नुसतं गरम पाणीच पितात, हा सगळ्यांत छान झाला. इनडिस्पेन्सेबल त्या दिवशी तिथेच पडून राहिला.

इनएव्हिटेबलसाठी त्यांनी घरून विजेची शेगडी नेली, दूध तापत ठेवलं आणि सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर उभ्या राहिल्या. "आता आपण इथे गप्पा मारू. दूध काय करेल?" दूध उतू गेलं, करपलं, धूर झाला, अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेडची लाल गाडी आली. हेल्मेट घातलेला एक उंच तरुण धावत आत शिरला तर विहीणबाईंनी त्याला दारात अडवून विचारलं, "तुमचं येणं नेसेसरी होतं का अनअव्हॉइडेबल?" तो बिचारा म्हणाला, "मॅम, मॅन्डेटरी." विहीणबाई वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "लिहून घ्या! नवीन शब्द!"

वर्गातल्या चेनबाई एवढ्या या सगळ्याला पुरून उरल्या. चीनमध्ये चेंगडूला त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे प्रयोग कसा करावा याबद्दल त्यांना स्वतःची मतं होती आणि ती त्या तोडक्या इंग्रजीत, पण न चुकता मांडत. आपल्या शेगडीवर दूध उतू गेलं म्हणजे सगळ्यांच्या शेगडीवर जाईल हे सिद्ध होत नाही, असं त्यांनी अलार्म वाजत असतानाच सांगितलं होतं. दोघींचं एकमेकींवाचून भागत नसे आणि एकमत कधी होत नसे.

मग गेल्या वर्षी नात शाळेत जायला लागली. पिवळ्या बसने सकाळी जायची, दुपारी उशिरा यायची. आल्यावर आजीने बूट काढायला हात लावला की म्हणायची, "आजी, आय कॅन डू इट." विहीणबाईंनी हात काढून घेतला. एका रविवारी बॅग घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. "आठवडाभर तुमच्याकडे राहते. मुलांना सांगितलंय, फोन करायचा नाही. बघू घर अडतं का." अडलं नाही तर आपण नागपूरला परत जाणार, हे त्यांनी चपला काढता काढता सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मुलीचा मला चोरून फोन आला. "आई, सगळं ठीक चाललंय गं. डबा होतो, लाँड्री होते, सगळं. आता मी काय करू? मुद्दाम काहीतरी बिघडवू का? त्या गेल्या तर हा वेडा होईल. मीसुद्धा."

"काही बिघडवू नकोस," मी म्हटलं. "लगेच पकडतील."

आणि खोटं मलाही जमलं नाही. आठवडा संपला, त्यांनी विचारलं, मी सांगितलं की घर नीट चाललंय. "वाटलंच," त्या म्हणाल्या आणि माझी भांडी घासायला लागल्या. घासलेलीच होती ती.

गुरुवारी मी त्यांना सोडायला गेले होते, तेव्हा त्यांनी वर्गात जाहीर केलं की आता निघते. आज्या रुमाल शोधायला लागल्या. चेनबाई मात्र ताडकन उठल्या. त्यांना विहीणबाईंना थांबवायचं होतं, पण रडून थांबवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी प्रयोगातच खोट काढली. "टीचर, तुमची टेस्ट रॉंग. मीठ काढलं तर एका जेवणात कळतं. माणूस काढला तर एका आठवड्यात काय कळणार? अख्खा एक विंटर पाहिजे."

मला वाटलं, सुटलो. विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. विंटरच पाहिजे."

पंधरा दिवसांत तिकीट आलं. प्रयोगाला पुरेसा वेळ देऊन, ग्रीन कार्डालाही धक्का न लावता, पूर्ण हिवाळाभर त्या नागपूरला. वसंतात यायचं का नाही ते निकालावर. विमानतळावर चेनबाई माझ्या गाडीतून आल्या होत्या. परतताना पावसात वायपर चालू होते आणि त्या पुढे बघत म्हणाल्या, "मला फक्त वाद जिंकायचा होता." मी म्हटलं, "जिंकलात की."

आता फेब्रुवारी चालू आहे. पाऊस थांबत नाही, पाचलाच अंधारून येतं. गुरुवारची सकाळ मी दवाखान्यातून सुट्टी म्हणून मागून घेतली आहे, कारण खोली कुणाच्या तरी नावावर राहायला हवी. शिकवायला मला येत नाही. आज्या येतात, गरम पाणी पितात, एकेक वाक्य म्हणतात. वाक्य चुकलं की सगळ्या एकदम थांबतात. अशा वेळी विहीणबाई काहीतरी बोलायच्या. मग मी म्हणते, "नेक्स्ट."

काल विहीणबाईंचा फोन आला. त्या नियम पाळतात, म्हणून मुलाला नाही, मला केला. हवापाणी झालं, नातीचा दात पडला तेही झालं. मग शाळेतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "खरं सांगा, विहीणबाई. काही अडलंय का?"

मी विचार केला. मुलीचं घर चाललंय. जावईबापू वेडे झालेले नाहीत, फक्त माझ्याकडे रविवारी येऊन उगीच जास्त वेळ बसतात. नात बूट स्वतः काढते. माझंही काही अडलेलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "कुणाचं काही अडलेलं नाही. तरी तुम्ही इकडचं तिकीट काढा."

पलीकडे कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी झाली, आणि विहीणबाई हळूच म्हणाल्या, "बरं."