आत्याचा रिपोर्ट

आत्याच्या हातची काजं बघायला दुसऱ्या दुकानांतले शिंपी यायचे. उलटी बाजू कुठली न् सुलटी कुठली, पैज लावून ओळखावी, इतकी साफ! एकाहत्तराव्या वर्षीही दिवसाला दोन कोटांची काजं ती हातावेगळी करी, आणि हात चालू तोवर तोंडही चालू.

थायरॉईड मंद असल्याचं सहा वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून सकाळची पहिली गोळी भाच्याच्या देखरेखीखाली. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दोघं शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. उपाशीपोटी गोळी, तासाभराने चहा. यात कधी खंड पडला नाही.

तरीही गेल्या काही महिन्यांत आत्या मंदावत चालली होती. एका कोटाला तीन दिवस लागू लागले. भर उकाड्यात अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल. आवाज घोगरा झाला. एकदा सुई हातात धरूनच डुलकी लागली.

"वय झालं रे," ती म्हणे.

भाच्याला ते पटेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "हा टीएसएचचा आकडा चढला तर गोळी कमी पडतेय, उतरला तर जास्त होतेय," त्यांनी समजावलं. "यांचा फारच उतरलाय." गोळीची ताकद कमी केली. दीड महिन्याने आकडा पुन्हा तळाला. पुन्हा ताकद कमी. आत्या मात्र दर खेपेला आणखी संथ.

भाच्याने तिची नाडी मोजली. मिनिटाला बावन्न. गोळी जास्त झालेल्या माणसाची छाती धडधडते, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. मग ही अशी गारठून का बसलीय? डोक्यात किडा वळवळू लागला, तो काही केल्या थांबेना. शेवटी तो रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये गेला.

"ताई, माझा धंदा काट्यांचा," तो तिथल्या तपासनीस बाईंना म्हणाला. "काटा एक सांगतो आणि माल दुसरंच, असं झालं की मी आधी पारड्याखाली बघतो, काही चिकटलंय का. तुमच्या मशीनला काय चिकटतं?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "आमचं मशीन रोज तपासतो आम्ही."

"मशीनला नाव नाही ठेवत हो. पण माणूस बघा की एकदा!"

बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "केसांच्या गोळ्या घेतात का त्या? त्यांत बायोटिन असतं. जास्त प्रमाणात घेतलं तर काही मशीनवर हा आकडा खोटाच खाली येतो."

घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "आत्या, केसांसाठी काही घेतेस?"

"मी? या वयात? कुणाला दाखवायचेत केस?" म्हणता म्हणता तिचा हात रुमालाकडे गेला. तेव्हा भाच्याच्या लक्षात आलं, रुमाल थंडीसाठी नव्हताच.

थोड्या वेळाने आत्याने शिलाई मशीनचा खण उघडला आणि दोऱ्याच्या रिळांखालून बाटली काढली. "मूठमूठ केस यायला लागले हातात. गिऱ्हाईक समोर बसतं ते माझ्या टाळूकडेच बघतं. पार्लरवालीने दिल्या. जीवनसत्त्वच ते, म्हटलं, डॉक्टरला काय सांगायचं."

"मला तरी सांगायचंस."

"तू गोळ्या मोजतोस माझ्या. केस मोजायला बसला असतास!"

दोघंही हसली, आणि हसता हसता आत्याने डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उलटसुलट करून वाचली. "मीच विचारायला हवं होतं," त्या सरळ म्हणाल्या. "आणि आजी, थायरॉईड मंद असलं की केस गळतातच. हे बंद करा, आठवड्याने पुन्हा तपासू."

आठवड्याने आकडा चढलेला निघाला, असायला हवा त्याच्या चांगला चौपट. गोळी कधीच जास्त नव्हती. कमी करत नेली, तशी अपुरी पडत गेली होती. वय आणि हृदय बघून डॉक्टरीणबाईंनी ती टप्प्याटप्प्याने वाढवली, दर दीड महिन्याने रक्त तपासत.

गुण यायला वेळ लागला. आधी स्वेटर गेला, मग घोगरेपणा. तिसऱ्या महिन्यात आत्याने एका गिऱ्हाइकाला ढेरीवरून अशी काही शाब्दिक चपराक लगावली, की खालच्या दुकानात कात्र्या थांबल्या. भाचा जिन्यात उभा राहून ऐकत होता. आत जावंसंच वाटेना त्याला. केस पूर्वीसारखे आले नाहीत, पण गळायचे थांबले.

पुढच्या तपासणीला आत्या स्वतःच यादी घेऊन गेली. डॉक्टरीणबाई वाचता वाचता अडखळल्या.

"लिमलेटची गोळी, दुपारी दोन? हे काय, आजी?"

"तोंडात जाईल ते सगळं लिहा म्हणालात ना?" आत्या म्हणाली. "मागच्या पानावर बडीशेप आहे."