जटायूच्या सोंगातून मला दिसलं ते

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारून मी तिला शुद्धीवर आणलेलं आहे… ती मला शिव्या देत घरी गेली. तेव्हा पुढचं वाचून मला भाबडी समजू नका. चौथी शिकले आहे, घडलं तेवढंच लिहिते.

पेठ तालुक्यातलं आमचं गाव. सत्तरच्या दशकाचा शेवट. गावात बोहाडा व्हायचा – देवादिकांचे मुखवटे चढवून पुरुष नाचायचे, त्याला सोंग म्हणतात. जटायूचं सोंग आमच्या घराचं. लाल चोच, बांबूच्या कामट्यांचे पंख. शेवटच्या दिवशी उजाडल्यावर ते निघायचं. रावण त्याचा एक पंख तोडायचा आणि बायका त्या पंखाच्या पाया पडायच्या. ज्या घराचं सोंग निघालं नाही, त्याचा मान दुसऱ्याकडे जायचा. माझा चुलत दीर किसन त्यावर टपूनच होता. रावण तोच व्हायचा.

त्या वर्षी ह्यांनी नवा मुखवटा केला आणि आदल्याच दिवशी हिवतापाने आडवे झाले. सकाळी संबळ वाजू लागला तरी भान नाही. बाईने सोंगाला शिवायचं नाही, अशी रीत. मी ह्यांचं धोतर नेसले, मुखवटा चढवला, पंख बांधले आणि निघाले.

नाचले चांगली. सगळं स्वच्छ दिसत होतं – कौलांवर चढलेली माणसं, संबळवाल्याचा घाम, सगळं. किसन पंख तोडायला वाकला आणि त्याला माझ्या पायातली जोडवी दिसली.

संबळ थांबला. त्याने माझ्या डोक्यावरून मुखवटा उपसला. सोंग बाटलं, आता मान माझा, असं सगळ्यांना सांगत त्याने रावणाचं तोंड उतरवलं आणि तो स्वतःच्या डोक्यावर चढवला. तीन पावलं टाकली आणि संबळवाल्यावर जाऊन आदळला.

"याला डोळं कुठं हायेत?" तो आतून म्हणाला.

डोळे नव्हतेच. बाहेरून रंगवलेले, आतून कागदाचा सपाट लगदा. भोकं सोंगाच्या सकाळी, अंघोळ करून, घालणाऱ्यानेच पाडायची असतात. मुखवट्यांच्या खोलीत बायकांना जाऊ देत नसत, मला कुठून माहीत असणार?

"वहिनी, तुला कुणी हाताला धरून आणलं?" त्याने मुखवटा काढून विचारलं.

"कुणी नाय. तुम्ही मघाशी पिंपळामागं रावणाचं तोंड वर करून विडी ओढत होता, तेबी दिसलं मला. सोंगात विडी चालती का, भावजी?"

अर्धी विडी त्याच्या कनवटीला निघाली. माणसं हसली, मग बिनडोळ्यांच्या मुखवट्याकडे आणि माझ्याकडे बघू लागली. म्हाताऱ्यांनी मुखवटा माझ्या हातात परत दिला. मान आमच्याकडेच राहिला.

ताप उतरल्यावर ह्यांनी मुखवट्यात आतून बोटं फिरवली.

माझा नातू सायन्सचा मास्तर आहे. तो म्हणतो, आजी, हनुवटीखालच्या फटीतून दिसलं असेल. अरे, फटीतून पाय दिसतात… पिंपळामागे विडी ओढणारं तोंड नाही दिसत. सून म्हणते, जटायूनेच दाखवलं. तेही मला पटत नाही.

कसं दिसलं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या सकाळचं श्रेय मी पक्ष्याला देणार नाही. नाचले मी होते.