औषधाची सूट

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण काढणाऱ्याला मला एकदा गाठायचं आहे. धाकट्या भावाबद्दल ती मी इतक्या तोंडांतून ऐकली, की नुसतं ‘जित्याची’ म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. त्याची खोड गेली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुण्यात नोकरीला असताना तो गर्द ओढायला शिकला आणि पुढं सुईवर गेला. सांगलीला आईकडं परतला तेव्हा भर उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून झालं. बाहेर आला की पहिले पाढे पंचावन्न. शेवटी मी त्याला साताऱ्याला माझ्या घरी आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. रोज घ्यायची, बरीच वर्षं, कदाचित कायमची. “शुगरवाला गोळी सोडतो का? तसंच हे,” त्या म्हणाल्या.

गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नसतं. सकाळी माझा हा बडबड्या भाऊ तोंड मिटून स्वयंपाकघरात बसायचा आणि मी नेमकी तेव्हाच विचारायची, “काय रं, पोहे का उप्पीट?” तो डोळे वटारायचा, हातवारे करायचा. गोळी संपली की पहिलं वाक्य ठरलेलं, “आक्का, तू लय वाईट हायस.” हळूहळू अंगावर मांस चढलं. झोप लागायला लागली. पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम त्याला येत होतं. केसासारखी तांब्याची तार तो हात न थरथरवता गुंडाळू लागला. माणूस सुधारतो तो असा, चिमटी चिमटीनं. सांगलीला परत जाऊन तो माधवनगरच्या एका वर्कशॉपात कामाला लागला. गोळी तिकडच्या दवाखान्यातून मिळायची. मी निर्धास्त होते.

त्या वर्षी सांगलीच्या आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराजांचा चातुर्मास होता. चातुर्मासात चारचौघांसमोर महाराजांकडून नियम घ्यायची आमच्यात रीत आहे. कुणी कांदा-बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं पाणी. आईनं ठरवलं, लेकानं नशा सोडल्याचा नियम घ्यायचा. त्यात वाईट काहीच नव्हतं. मीही पर्युषण पर्वासाठी गेले होते, बायकांत बसले होते.

महाराजांनी नेहमीप्रमाणं विचारलं, “औषधाची सूट ठेवायची?”

औषध म्हणून काही घ्यावं लागलं तर नियम मोडत नाही, अशी ही सूट सगळेच ठेवतात. आजारपण काही सांगून येत नाही. पण भावानं वळून आईकडं पाहिलं आणि आईनं मान हलवली, नको म्हणून. गोळी ही सुद्धा नशाच, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

“सूट नको, महाराज,” तो म्हणाला.

महाराजांना गोळीचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आशीर्वाद दिला. बस्तीत जयजयकार झाला. त्याच्या नावानं लोक आनंदानं ओरडताहेत, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मलाही रडू आलं.

घरी येऊन मी कडाकडा भांडले. “अगं आई, ते औषध हाय!”

“औषध काय जन्मभर खात्यात व्हय?” ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या उचलून आपली बीपीची गोळी गिळली.

मग मी भावाकडं वळले. तो म्हणाला, “आक्का, समद्यांम्होरं शब्द दिलाय. आज लोकांनी मला माणसात घेतलं. आता मोडू व्हय?” मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्यांनी कळकळीनं समजावलं. गोळी थांबली की ओढ परत येते, आणि शरीराची सवय तर गेलेली असते. पूर्वी पचायची तेवढी पावडर आता जीव घेईल. त्यानं सगळं ऐकलं, “व्हय मॅडम” म्हणाला, आणि गोळी काही घेतली नाही.

दिवाळीच्या आधी फोन आला. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. त्यानं पावडर जास्त घेतली नव्हती, पूर्वीएवढीच घेतली होती. मयताला जमलेल्यांत एक नातलगीण तीच म्हण पुटपुटली. मी तिला तिथून उठवून घालवलं. अजून ती माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

आई आता दिवसातून एकदाच जेवते. लेकानं नियम मोडल्याचं पाप त्याच्या माथी राहू नये म्हणून तिनं हे व्रत धरलंय. मी सांगलीला गेले, की ताटावर बसताना ती विचारते, “त्यानं नियम मोडला म्हणून गेला. व्हय गं?”

खरं काय ते मला ठाऊक आहे. त्यानं नियम पाळला म्हणून तो गेला. जमलं तितके दिवस दात-ओठ खाऊन पाळला, एकदा सुटला, आणि सांभाळायला ती गोळी नव्हती. पण हे बोलले तर त्याचं मरण मी आईच्या ओंजळीत ठेवीन, आणि त्या ओंजळीनं ती पुन्हा घास उचलणार नाही.

“व्हय, आई,” मी म्हणते.

तिचा चेहरा जरा सैल होतो, ती जेवायला लागते. आणि दिलेला शब्द पाळायला जिवावर उदार झालेला माझा भाऊ माझ्याच तोंडून पुन्हा एकदा खोटा ठरतो.