शीत ठेवतंय

शेजारच्या काकीचं एक वाक्य मी मुद्दाम चुकीचं करून सांगितलं. हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. वाक्य मालवणीत होतं, ऐकणारे आमदार घाटावरचे होते आणि मधे मी उभा होतो.

आमच्याकडे शेतात उभं असतं ते भात, आणि शिजून पानात पडतं ते शीत. एवढं ध्यानात ठेवा, बाकी काही अवघड नाही.

मी जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत खरेदीच्या टेबलावर आहे. मासे विकणाऱ्या बायकांना बर्फाच्या पेट्या द्यायची योजना आली होती. कागदावर त्यांचं नाव ‘शीतपेटी’. ठेकेदाराने आधी दाखवलेला नमुना चांगला होता. दोन भिंतींच्या मधे थंडावा धरणारा थर होता. माल आला त्यात तो थर नव्हता. बाहेरून पेटी अगदी तशीच दिसे. मार्चअखेर होती, निधी परत जाईल म्हणून सगळ्यांच्या अंगात घाई शिरलेली. मी वरच्या काही पेट्यांची झाकणं उघडली आणि माल तपासून घेतल्याची सही केली. पैसे खाल्ले नाहीत. पण एक जरी पेटी उचलली असती तर वजनावरून कळलं असतं. मी उचलली नाही.

त्यातली एक पेटी काकीला मिळाली. काकी नात्याची नव्हे, पण आई गोव्याच्या इस्पितळात पडून होती तेव्हा मी तिच्याच चुलीपाशी जेवत असे. माशाचा मधला तुकडा माझ्या पानात, शेपटीकडचा तिच्या पोरांच्या. पोरं कुरकुरली की म्हणायची, “गप ऱ्हवा रे, पावणो आसा तो.” पाहुणा होतो, महिनोन्‌महिने.

पुढे विधिमंडळाची समिती जिल्ह्यात येणार असं कळलं. सरकारी खात्यांनी काय विकत घेतलं, कसं घेतलं, ते वापरात आहे का, हे आमदार स्वतः येऊन बघतात. वाईट माल ठेकेदाराकडून बदलून घ्यायला लावला, असंही मी दुसऱ्या जिल्ह्यातलं ऐकून होतो. आमच्या कचेरीचे साहेब मला म्हणाले, “तुमच्याच वाडीतली एखादी बाई बघा. साधी. भाषण करणारी नको.”

मी काकीला सांगितलं, “काकी, इचारतीत तेवढांच सांग हां.”

“आणि इचारूचे नाय तां कोणी सांगूचां?” ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो.

त्या सकाळी बंदरावर पेट्या ओळीने मांडल्या. आम्हीच कारखान्यातून बर्फ आणून त्यात भरला होता. काकी लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून आली होती. समितीचे अध्यक्ष बोलायला गोड. वाकून नमस्कार करून त्यांनी विचारलं, “काय आजी, शीतपेटी उपयोगी पडते का?”

काकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “पडता तर! शीतपेटी मां ती? मगे मी शीत ठेवतंय तेच्यात. दुसरां काय ठेवतलंय?”

बाजूच्या बायका पदरात तोंड घालून खुसखुसल्या. पेटीत बर्फ टिकत नाही, भांडं म्हणून तेवढी बरी आहे, हे तिने एका टोमण्यात सांगून टाकलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. “काय म्हणाल्या?”

माझी सही माझ्या डोळ्यांपुढे आली. “थंड ठेवते म्हणाली, साहेब. रोज वापरते.”

त्यांनी झाकण उचलून बर्फ पाहिला. “छान. शितावरून भाताची परीक्षा! एक पाहिली, सगळ्या पाहिल्या.” तोंडी बरोबर शब्द आला होता त्यांच्या, पण कानात माझा ‘थंड’च राहिला. काकीला परत हात जोडून ते गाडीकडे गेले.

संध्याकाळी काकीने जेवायला बोलावलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती पेटी. त्यात शिताचं टोप, म्हणजे मांजर शिवायला नको. तिने त्यातलं शीत मला वाढलं, वर बांगड्याची कढी. मधला तुकडा अजून मलाच.

“काय रे, त्येंका समाजलां मां?”

“समाजलां, काकी.”

“माका वाटलांच. हात जोडल्यानी बघ, मोठो माणूस. आता पेटये बदलून देतले.”

“देतले,” मी म्हणालो. पानातलं सगळं संपवलं. तिथे टाकायची पद्धत नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. काकी अजून आठवड्याच्या बाजाराला एसटीने मासे घेऊन जाते. कुडाळच्या अलीकडेच पाटीतून पाणी ठिबकायला लागतं, कंडक्टर ओरडतो. दुपारपर्यंत मासा मऊ पडतो आणि मग गिऱ्हाईक मागेल त्या भावाला द्यावा लागतो. वाडीतल्या बायका सरकारला शिव्या घालतात, तेव्हा काकी त्यांना गप्प करते. “येळ लागतलो गो. माझां सगळां आयकान घेतल्यानी हा त्येनी.” तिच्या आयुष्यात इतक्या मोठ्या माणसाने तिला काही विचारलं ते तेवढं एकदाच, आणि त्याने आपलं ऐकलं यावर ती विसंबून आहे.

परवा मी अंगणातून जात होतो. पडवीतून तिने हाक मारली, “झिला, ते सायब परत येतले काय रे?” मी कामाचं निमित्त सांगून पुढे गेलो.

एक वाक्य मी समितीला देणं लागतो: या पेट्यांत बर्फ राहत नाही, आणि तपासल्याची सही माझी आहे. आणि त्याआधी काकीला सांगायचं राहिलं आहे की, त्या दिवशी तुझं कोणी ऐकलं नाही, कारण मी ऐकू दिलं नाही.