ओट्यावरची दोरी

शिवणवाल्या मावशींचं सगळं आयुष्य ओट्यावर गेलं म्हटलं तरी चालेल. घर मातीच्या जाड भिंतींचं, आत भर दिवसा सुईत दोरा ओवता येऊ नये इतका काळोख. म्हणून लग्नानंतर सासूनेच त्यांचं मशीन बाहेर आणून ठेवलं, ते तिथेच राहिलं. गल्लीतल्या जुन्या घरांचे ओटे एकमेकांना चिकटलेले. कुणाचा कुठे संपतो हे मालकालाही सांगता येत नसे. ओझं घेऊन येणारा तिथे टेकायचा, भांडून निघालेली सून टेकायची, आणि मावशी मशीन न थांबवता दोघांचंही ऐकून घ्यायच्या. जिभेने तिखट होत्या. त्यांच्या कापडाच्या कात्रीला हात लावणाऱ्याची धडगत नसे. लहानपणी मुलाने त्या कात्रीने कागद कापला, तर त्याला दिवसभर बोलणी खावी लागली होती.

पुढे एकेक घर पडलं आणि तिथे उंच कुंपणाच्या इमारती आल्या. उरलेली चार-दोन घरं जपायची, असं गावच्या समितीने ठरवलं. समितीत मावशींचा मुलगाच होता. पाहणीला माणसं येणार म्हणून मावशींनी हौसेने ओटा लिंपून गुळगुळीत केला, आणि तिथेच फसल्या. समितीला तो इतका आवडला की आठवड्याभरात त्याला जाड दोरी बांधली गेली, 'बसू नये' अशी पाटी लागली आणि मशीन आतल्या खोलीत गेलं.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे परंपरा जपतोय! अरे, ओटा काय नुसता बघायला असतो? माणसं हाकलून घर जपण्याची ही कुठली रीत? त्यांनी मुलाला फैलावर घेतलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की लोक बसून बसून ओट्याची कड झिजली आहे. आत मोठा दिवा लावून देतो. कड झिजवणाऱ्यांत तो स्वतः पहिला होता, रांगायला लागल्यापासून तिथूनच घसरत उतरायचा. हे ऐकवूनही काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी निवृत्त पोस्टमन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून आले. इतकी वर्षं ते यायचे आणि मावशींकडे न बघताच टेकायचे. आज मात्र दोरीपाशी अवघडून उभे राहिले. दारात आलेल्या मावशींना त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, जरा बसू का?"

मावशींना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या ओट्यावर बसायला आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या तडक आत गेल्या आणि कापडाची कात्री घेऊन आल्या. दोरी चिवट होती, कात्री दोन्ही हातांनी दाबावी लागली.

मुलगा धावत बाहेर आला. दोरीपेक्षा त्याची नजर कात्रीवरच खिळली. "आई, अगं, ती कापडाची आहे..."

"ठाऊक आहे मला. मशीन बाहेर आण. त्याआधी तांब्याभर पाणी आण, माणूस उन्हातून आलाय."

पोस्टमन अजून उभेच होते.

"बसा," मावशी म्हणाल्या, आणि हे तोंडाने सांगावं लागलं म्हणून त्यांचा राग पुन्हा उफाळून आला.