चिमूटमामा

चिमूटमामा माती खायचे. पेरणीआधी रेणापूरच्या आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं असायचं. रानाच्या चारी कोपऱ्यांतली चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि थुंकून सांगायचं, "गोड हाय, पेरा." एरवी तंबाखूशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे, पण त्या दिवशी तंबाखू बंद आणि सकाळचा चहाही बंद. नात्याने ते आईचे लांबचे भाऊ. आमच्या वडिलांना, दादांना, चिडवायचे, "दाजी, लोक जेवायला बोलवतेत. तुम्ही बोलावताव अन् रान खाऊ घालताव."

मी त्यांच्या मागे हिंडायची. मलाही ते चिमूट द्यायचे. मला सगळीकडची माती सारखीच लागायची. "लागंल चव," ते म्हणायचे, "घाई काय हाय?"

मग मळीपासून दारू काढणाऱ्या कारखान्याचे टँकर गावात येऊ लागले. तिथलं काळपट-तांबडं सांडपाणी खत म्हणून फुकट रानात सोडून देत. वास असा की घास गिळवेना. दादांनी मामांना विचारलं. मामा हसले. "शेणखताला काय अत्तराचा वास असतोय? वास हाय म्हंजी कस हाय. घ्या सोडून." गावची माती चाखणाऱ्या माणसाने ते पाणी मात्र चाखलं नाही.

पहिल्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली. मामा बांधावर ऐटीत उभे. तिसऱ्या वर्षी रानावर पांढरा थर धरला, विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि ओढ्याकडच्या दोन एकरांत बी उगवलंच नाही. मामांनी चिमूट तोंडात घातली आणि बराच वेळ थुंकलेच नाहीत.

"दाजी," ते म्हणाले, "माती जिभेनं पारखली अन् ते पाणी नाकानं."

त्यानंतर त्यांनी चाखणं सोडलं. बोलावणं आलं की म्हणायचे, "लातूरला नेऊन तपासा." तोंडात सदा तंबाखू. दादांनी त्यांना कधी बोल लावला नाही, आणि मला वाटतं, तेच त्यांना सोसलं नाही. दर पावसाळ्यात ते न सांगता यायचे, त्या दोन एकरांत ताग पेरायचे आणि फुलावर आला की खत म्हणून मातीत गाडून टाकायचे. दादा नको म्हणायचे. ऐकतो कोण.

मामांनी अंथरूण धरलं तेव्हा मी लातूरहून भेटायला गेले. म्हणाले, "पोरी, ओढ्याकडची चिमूट आण." घेऊन आले, तर मामी दारातच कुजबुजली, "सकाळपासून तंबाखू न्हाई, चहा न्हाई. काय झालंय यास्नी?" मामांनी माती जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"अजून खारीच हाय," ते म्हणाले. "पर माघारी यायलीय."

त्याच आठवड्यात मामा गेले. आता दादाही थकलेत. ताग मीच पेरते. पेरणीच्या दिवसांत मामांची फार आठवण येते. कुणीतरी डोळे मिटून "गोड हाय" म्हणावं असं वाटत राहतं. ओढ्याकडची चिमूट मी दरवर्षी जिभेवर ठेवते. मला अजूनही काही कळत नाही. तरी त्या दिवशी सकाळचा चहा मी घेत नाही.